ढोरांच्या पाण्याचे तळे: नाला सोडून जागा का दाखवतो?

तळे खोदायला पोकलेन बोलावणारे बहुतेक कास्तकार आम्हा मशीनवाल्यांना दोन गोष्टी हमखास विचारतात. नाल्यातच खोदले तर काय बिघडते? आणि सगळ्यांनीच तळी केली तर खालची नदी आटेल का?

नदीचे आधी सांगतो. मृगाचे पहिले पाणी कोरडी तळी भरण्यात जाते, त्यामुळे नाला उशिरा वाहू लागतो. तळे भरले की पुढचे पाणी सांडव्यावरून, म्हणजे जादा पाण्याच्या वाटेवरून, नाल्यात, नाल्यातून अडाण नदीला आणि अडाणमधून पैनगंगेला जाते. चांगल्या पावसाच्या वर्षी एका तळ्याचा फरक नदीला जाणवत नाही. पण एकाच नाल्यावर ओळीने तळी झाली आणि पावसाने दडी मारली, तर शेवटच्या गावाला पाणी कमी पडते. मुरमात झिरपलेले काही पाणी विहिरींना आणि नाल्याला परत मिळते. काळ्या चिकण मातीत फार थोडे.

आता हिशेब पाहा. मोठे जनावर दिवसाला साधारण 50 लिटर पाणी पिते, म्हणजे दहा जनावरांना 500 लिटर. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून रोज 8 मि.मी. सहज उडते. पाण्याची पसरण 20 बाय 20 मीटर धरली तर ते 3,200 लिटर होतात. ढोरांपेक्षा ऊनच जास्त पिते! म्हणून तळे आटोपशीर आणि खोल करा, असा आमचा आग्रह असतो. त्यात आमचे मशीनचे तास कमी भरतात, तरीही.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो जागेपायी. मशीन धुऱ्यावर उतरते आणि तेव्हा कळते, जागा ठरली आहे नाल्याच्या पात्रात. "आयते पाणी आहे, इथेच खोदा." तिथे आम्ही खोदत नाही. मशीन रिकामे परत जाते आणि वाहतुकीचा खर्च तुमच्यावर पडतो. काही जणांना हा अडेलपणा वाटतो. पण पुराचे पाणी सोबत गाळ आणते, आणि पात्रातले तळे बघता बघता भरून जाते. बांध घातला असेल तर तो फुटून खालच्याचे पीक खरडून जाते. शिवाय नाला सरकारी असतो, आणि खालच्या वावरवाल्याचाही त्या पाण्यावर हक्क आहे.

आम्ही तळे नाल्यापासून हटून, उताराच्या खालच्या अंगाला आखतो. एका हेक्टरवर 10 मि.मी. पाऊस म्हणजे 1 लाख लिटर पाणी. त्यातले थोडे जरी वाहून आले, तरी दोन-चार जोरदार पावसांत चांगला साठा होतो. आत येणाऱ्या चराच्या तोंडाशी गाळखड्डा, पलीकडे दगडी पिचिंगचा, म्हणजे दगड रचून पक्का केलेला, सांडवा. सांडव्याचे पाणी परत नाल्यातच सोडतो. निघालेली माती सांडव्याच्या वाटेवर टाकू देत नाही. काळ्या मातीत काठ उभे ठेवले तर ढासळतात, म्हणून 3 मीटर खोलीला काठ आडवा 4.5 मीटर बाहेर घेऊन उतार देतो. आणि ढोरांना तळ्यात उतरवू नका. काठ तुडवले जातात, पाणी शेणामुताने नासते. पाइप काढून बाहेर हौद बांधा. तो आम्ही त्याच कामात करून देतो.

मशीन सांगण्याआधी पाहणीला बोलवा. पाहणीचे पैसे घेत नाही, जागेवर चुना टाकून आखून देतो. सातबारा, गटाचा नकाशा आणि जनावरांची संख्या तयार ठेवा. हरभरा-गहू निघाला की लगेच कळवा. मे महिन्यात सगळ्यांचीच घाई असते, मशीन मोकळे मिळत नाही.