मध्य अमेरिकी कागदी चलन : संग्रह

विसाव्या शतकाच्या मध्यास ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका व पनामा या देशांनी काढलेल्या नोटा जमवणे व त्यांचे वर्गीकरण करणे. नाणकशास्त्राला जोडून असलेला छंद. संग्राहकांत जर्मन अभ्यासक आल्बर्ट पिक यांच्या सूचीतील क्रमांक रूढ आहेत.

या काळात नोटा काढणाऱ्या संस्थाच बदलल्या. बांको दे ग्वातेमाला १९४६ मध्ये, तर होंडुरास व कोस्टा रिका यांच्या मध्यवर्ती बँका १९५० मध्ये सुरू झाल्या. नव्या नोटा हाती येईपर्यंत ग्वातेमाला व कोस्टा रिका येथे जुन्या नोटांवरच नव्या बँकेचे नाव छापून वापरण्यात आले. चित्र तेच, पण अधिमुद्रण, दिनांक व सह्या वेगळ्या. त्यामुळे एकाच मूल्याचे अनेक प्रकार होतात आणि अभ्यासकाचा खरा कस येथेच लागतो. छपाई बहुतांशी न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीची, काही लंडनच्या वॉटरलो कंपनीची. निकाराग्वाच्या १ कोर्दोबाच्या नोटेवर पिसे माळलेली आदिवासी मुलगी दिसते. ती हुकूमशहा अनास्तासियो सोमोसा गार्सिया यांची कन्या लिलियन होय.

सर्वांत चर्चा झाली ती पनामाच्या १९४१ च्या नोटांची. पनामात १९०४ पासून कागदी चलन म्हणून अमेरिकी डॉलरच चाले. राष्ट्राध्यक्ष आर्नुल्फो आरियास यांच्या कारकिर्दीत २ ऑक्टोबरला १, ५, १० व २० बाल्बोआंच्या (बाल्बोआ हे पनामाचे स्वतःचे चलन) नोटा निघाल्या. ९ ऑक्टोबरला आरियास पदच्युत झाले, नोटा परत घेऊन जाळण्यात आल्या. ‘सात दिवसांच्या नोटा’ हे नाव त्यावरून पडले. मात्र हे सात दिवस निर्गमापासून सत्तांतरापर्यंतचे. जाळण्याचे काम त्यात धरू नये. या नोटांमुळेच अमेरिकेने आरियास यांना घालवले, असे काही लेखक मानतात. पनामाच्या ध्वजाखालील व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्यास त्यांच्या मंत्रिमंडळाने दिलेला नकार आणि पाठोपाठ त्यांनी परवानगीविना केलेला हवानाचा प्रवास, ही कारणे अधिक सयुक्तिक वाटतात. नोटांचा वाद फार तर आधीच्या नाराजीत भर घालणारा असावा.

जाळण्यातून वाचलेल्या नोटा थोड्या असल्याने किंमत मोठी येते. खरेदीपूर्वी चलनात आलेली नोट व नमुना नोट यांतील फरक पाहणे आवश्यक ठरते : नमुन्यावर सहसा तसा शिक्का, छिद्रे व शून्यांचा अनुक्रमांक असतो.