ट्रकचालकाचे आठ तास आणि ‘खोटी’चा हिशेब

न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागली की चालकाला इंजिन बंद करता येतं, पण केबिन सोडता येत नाही. तासाभराने रांग दोन गाड्यांपुरती सरकते तेव्हा स्टिअरिंगवर माणूस हवाच. पहाटे लागलेला नंबर कधी दुपारी येतो. तोवर डुलकी घ्यायची तीही एक कान मागच्या गाडीच्या हॉर्नकडे ठेवून. चालक याला ‘गाडी खोटी झाली’ म्हणतात. ठरलं असेल तर मालकाला हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याची भरपाई, मिळतं. चालकाचा हिशेब बहुतेकदा ट्रिपवर असतो, त्यात खोटीला जागा नसते. कायदा मात्र दिवसाला आठ तासांचं काम म्हणतो. रांगेतला हा वेळ त्या आठांत धरायचा की नाही, हा प्रश्न साठ वर्षांहून जुना आहे.

तासांवर मर्यादा ब्रिटिश अमदानीतच आली. १९३९च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६५ मध्ये सलग पाच तास गाडी चालवल्यावर अर्धा तास विश्रांती होती. त्याच वर्षी जिनिव्हात रस्ते वाहतुकीतल्या कामाच्या तासांवर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यातले शब्द पुढे आपल्याकडे आले. खरी सुरुवात १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने झाली: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८; लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन १० आणि ५४; जादा कामाला दुप्पट मजुरी; आठवड्याची सुट्टी.

सगळी मेख या कायद्यातल्या ‘कामाचे तास’ या व्याख्येत आहे. सुरुवात उदार आहे: कामगार मालकाच्या दिमतीला असेल तो सगळा वेळ म्हणजे काम. पण पुढे ‘यात समाविष्ट’ म्हणून तीन गोष्टी येतात. पहिली, गाडी धावत असतानाचं काम. दुसरी, अनुषंगिक काम: नोंदवहीवर सह्या, रोकड भरणं, गाडीची देखभाल, माल चढवणं-उतरवणं. तिसरी, अंतिम थांब्यावर १५ मिनिटांपेक्षा कमी काळ ‘नुसती हजेरी’, म्हणजे बोलावणं आलं तर ओ द्यायला किंवा वेळ झाली की निघायला जागेवर थांबणं.

पंधरा मिनिटांपेक्षा कमी थांबलात तर ते काम. मग सहा तास थांबलात तर? मालकवर्ग सरळ अर्थ लावतो: पंधरा मिनिटांपुढचं काम नाही. माझ्या मते हा अर्थ चुकीचा आहे. व्याख्येचं पहिलं वाक्य ‘दिमतीला असलेला वेळ’ असं म्हणतं, आणि पुढची यादी त्यात भर घालते, त्यातून काही वजा करत नाही. शिवाय गाडी थांबलेला वेळ धावण्याच्या वेळेतून वगळण्याची जी तरतूद आहे, तिला अट आहे: त्या वेळात माणूस मर्जीप्रमाणे वागायला मोकळा हवा किंवा अनुषंगिक काम करत हवा. रांगेतला चालक मोकळा नाही. त्याला जेवायलाही उतरता येत नाही.

हा घोळ झाला कसा, ते व्याख्या वाचताना लक्षात येतं. तिकिटं तपासणं, रोकड भरणं, डेपोतला थांबा, सगळं चित्र बसचं आहे. एसटीचा चालक-वाहक स्टँडवर पंधरा मिनिटं थांबतो तेव्हा ही ओळ बरोबर बसते. ट्रकला स्टँड नाही. त्याचा शेवटचा थांबा कारखान्याचं गेट, गोदाम किंवा बंदर, आणि तिथली घडी दुसऱ्याच्या हातात. माल उतरवायचा कुणी, यावरून महाराष्ट्रात वेगळा तंटा आहेच. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा वाराईच्या, म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीच्या, वादातली, पण हमाल येईपर्यंतची वाटही चालकच पाहतो.

दुसरी अडचण पाच या आकड्याची. १९६१चा कायदा पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेलाच लागू होता. आपल्याकडे ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे, मोठ्या ट्रान्सपोर्टकडे ‘अटॅच’ लावलेले. कागदावर ट्रान्सपोर्टचा चालक एकही नसतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ मात्र परिवहन वाहन चालवणाऱ्या कोणत्याही व्यक्तीबद्दल बोलतं, आणि १९९४च्या दुरुस्तीने तास १९६१च्या कायद्याप्रमाणे ठरवले. म्हणजे तासांपुरता पाचाचा उंबरठा गळून पडायला हवा होता. प्रत्यक्षात आरटीओ परमिट, फिटनेस, ओव्हरलोड पाहतं आणि तास कामगार खात्याचे म्हणतं. कामगार निरीक्षक हायवेवर उभा नसतो.

नॅशनल परमिटच्या जड गाडीवर दोन चालक आणि आसनामागे आडवं होता येईल असा बाक, हा नियम त्यातल्या त्यात कामाचा होता. २०१८ मध्ये दोन चालकांची अट शिथिल झाली. खर्च वाचला. वाटणीला दुसरा माणूस राहिला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये चालक रस्त्यावर उतरले ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरोधात. अपघातानंतर पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्रात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं, आणि १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. अपघात झाला तेव्हा चालक किती तास जागा होता, हे त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तासांचा मुद्दा घेतला, आणि राज्यांच्या बैठका घेऊन ८ आणि ४८ तासांची मर्यादा अमलात कशी आणायची ते ठरवा, असं केंद्राला सांगितलं. नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन १ ऑक्टोबर २०२५ पासून सक्तीची झाली, हीही चांगली गोष्ट. जुन्या गाड्यांना ती नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१चा कायदा त्यात विलीन झाला. नव्या संहितेत मोटार परिवहन आस्थापनेसाठी पाचाऐवजी दहा कामगारांचा उंबरठा आहे. ‘१५ मिनिटांपेक्षा कमी काळ नुसती हजेरी’ ही ओळ मात्र जशीच्या तशी उतरवली आहे.