गॅस आणि विजेच्या बिलाला सरकारी मदत: गोव्यात कोणाला, कुठे आणि कोणत्या कागदांवर

"गोव्यात ३०० युनिट वीज फुकट झाली म्हणे, अर्ज कुठे करायचा?" ही विचारणा अजूनही होते. उत्तर एका ओळीचं आहे: असा अर्जच नाही. ते आश्वासन जुलै २०२१ मध्ये आम आदमी पक्षाने दिलं होतं, २०२२ ची निवडणूक भाजपने जिंकली आणि विषय तिथेच संपला. 'मोफत विजेचा फॉर्म' भरून देतो म्हणून कोणी शंभर-दोनशे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मदत मात्र आहे. ती एका नावाने, एका खिडकीवर मिळत नाही इतकंच. गॅसचा काही भार केंद्र उचलतं, काही राज्य. विजेतला दिलासा दरपत्रकातच असतो. आणि विवाहित महिलांना घरखर्चाला हातभार म्हणून राज्याच्या गृह आधार योजनेचे पैसे वेगळे. दरवाजे चार असले तरी किल्ली एकच आहे: रेशनकार्ड आणि आधारला जोडलेलं बँक खातं. ही दोन्ही नीट नसतील तर फॉर्म कितीही सुवाच्य अक्षरात भरा, पैसे येत नाहीत. म्हणून सुरुवात फॉर्मपासून न करता कार्डापासून करा.

आधी रेशनकार्ड उघडून बघा

कार्डावर कोणता प्रकार छापला आहे ते वाचा. महाराष्ट्रातल्या पिवळ्या-केशरी रंगांचा हिशेब इथे लावू नका. अंत्योदय म्हणजे गरिबांतले गरीब: निराधार विधवा, दिव्यांग, सांभाळणारं कोणी नसलेले वृद्ध, भूमिहीन मजूर अशी कुटुंबं. त्यांना कार्डामागे महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. प्राधान्य गटाला माणशी ५ किलो. उरलेली कार्डं एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरची.

हा फरक महत्त्वाचा, कारण राज्य सरकारची सिलिंडरची मदत अंत्योदयवाल्यांनाच आहे. २०२३ साली मुख्यमंत्र्यांच्या नावाने ही अर्थसाहाय्य योजना सुरू झाली. अंत्योदय कार्डामागे महिन्याला २७५ रुपये, म्हणजे वर्षाला ३,३०० रुपये. काम नागरी पुरवठा खात्याकडे आहे, तेव्हा तालुक्याच्या नागरी पुरवठा कार्यालयात चौकशी करा. जाताना अंत्योदय कार्ड, आधार, गॅसची पुस्तिका आणि पासबुकाचं पहिलं पान यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन जा. घरात गॅस जोडणीच नसेल तर आधी पुढचा भाग वाचा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पूर्वी परिस्थिती बरी होती म्हणून एपीएल कार्ड काढलं, आज घरात कमावणारं कोणी नाही, अशी घरं गावागावांत आहेत. ती या योजनेत बसत नाहीत, कारण इथे कार्डावरचा छाप बघतात, घरातली चूल बघत नाहीत. अशांनी योजनेचा अर्ज करण्याआधी कार्डाचा प्रकार बदलण्याचा अर्ज करावा. त्यासाठी मामलेदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला लागतो. गोवा ऑनलाइन पोर्टलवरूनही तो मागता येतो. तलाठ्याकडून चौकशी झाली तर वेळ जातो, म्हणून या दाखल्याचा अर्ज सगळ्यात आधी टाका.

उज्ज्वला: अर्ज बाईच्याच नावाने

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, दुसरा टप्पा ऑगस्ट २०२१ मध्ये. अर्जदार १८ वर्षांवरील महिला हवी, घर गरीब हवं आणि त्या घरात आधीची एकही गॅस जोडणी नसावी. नवऱ्याच्या नावावर जुनी जोडणी असेल तर बायकोच्या नावाने उज्ज्वला मिळत नाही. संगणक ते पकडतो.

इथे गोव्यातल्या जुन्या घरांची अडचण येते. घर क्रमांक एकच, पण आत तीन भावांच्या तीन चुली. धाकट्याच्या बायकोने अर्ज केला की थोरल्याची जोडणी दिसते आणि अर्ज अडतो. चूल वेगळी असेल तर रेशनकार्डही वेगळं करून घ्या. वेगळं कार्ड हातात असल्याशिवाय एजन्सीत वाद घालून काही उपयोग होत नाही.

कागद फार नाहीत: केवायसी फॉर्म, अर्जदाराचं आधार, घरातल्या इतर प्रौढांची आधार कार्डं, रेशनकार्ड आणि बँक खात्याचा तपशील. योजनेच्या निकषांत कुटुंब बसतं असं लिहून देणारं घोषणापत्र जोडावं लागतं. अर्ज जवळच्या गॅस एजन्सीत द्यायचा किंवा उज्ज्वलाच्या संकेतस्थळावर भरायचा. कामासाठी बाहेरून येऊन राहिलेल्या कुटुंबाकडे गोव्याचं रेशनकार्ड नसतं. त्यांच्यासाठी दुसऱ्या टप्प्यात स्वयंघोषणापत्राची सोय आहे. राज्याचे २७५ रुपये मात्र गोव्याच्या अंत्योदय कार्डावरच मिळतात.

मंजुरी झाली की सिलिंडर आणि रेग्युलेटरची अनामत भरावी लागत नाही. नळी, पुस्तिका आणि बसवणीचा खर्चही योजनेत येतो, आणि दुसऱ्या टप्प्यात पहिलं भरलेलं सिलिंडर आणि शेगडी मोफत. १४.२ किलोचं एक सिलिंडर घ्यायचं की ५ किलोची दोन, हे तुम्ही ठरवा. डोंगराळ वाड्यावर जिथे गाडी दारापर्यंत येत नाही तिथे लहान सिलिंडर उचलायला सोपं पडतं, हे माझं मत.

पुढे प्रत्येक सिलिंडरमागे सवलत आहे. ती मे २०२२ मध्ये २०० रुपये होती, ऑक्टोबर २०२३ पासून ३०० झाली. २०२५-२६ साठी वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत ती मंजूर झाली, त्याआधी मर्यादा १२ ची होती. एजन्सीत मात्र पूर्ण किंमत मोजायची असते, सवलत नंतर खात्यात पडते. पैसे आधी जुळवावे लागतात ही यातली खरी अडचण, आणि महिनाअखेरीला ती जास्तच जाणवते.

पैसे अडतात ते इथे

नव्याण्णव वेळा तक्रार एकच: "अर्ज मंजूर आहे, पण पैसे येत नाहीत." बहुतेकदा कारण दोनपैकी एक असतं.

पहिलं, नाव. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं दोन-दोन चालत आली. गांवकर एका कागदावर 'के' ने लिहिलेलं, दुसऱ्यावर 'सी' ने. नाईकच्या शेवटी एके ठिकाणी 'के', दुसरीकडे 'क्यू यू ई'. त्यात लग्नानंतर बाईचं नाव बदललेलं: आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, पासबुकात नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. माणसाला कळतं की ही एकच बाई, संगणकाला कळत नाही. आधार आधी दुरुस्त करा, मग त्याच्याबरहुकूम रेशनकार्ड आणि बँक खातं. उलट क्रमाने गेलात तर सगळं पुन्हा करावं लागेल.

दुसरं, बँक खातं. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणं आणि सरकारी पैसे त्या खात्यात वळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी अनुदान आधारवर पाठवलं जातं, आणि ज्या बँकेत शेवटचं आधार जोडलं असेल तिथे ते जाऊन पडतं. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा बचत गटासाठी कधीतरी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं आणि तिथे आधार दिलं, की अनुदान तिकडे जातं आणि तुम्ही जुनं पासबुक छापून घेत बसता. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' असा पर्याय आहे. मोबाइलवर ओटीपी टाकला की कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. हे स्वतः तपासा, नाहीतर पंचायतीत येणाऱ्या स्वयंपूर्ण मित्राला, म्हणजे योजनांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, किंवा घरातल्या शिकलेल्या पोराला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. गॅससाठी त्यासोबत एजन्सीत ई-केवायसी झालेली हवी, म्हणजे बोट किंवा चेहरा दाखवून ओळख पटवलेली.

वीज बिल: माफी नाही, पण वाट आहे

गोव्यात वीज खातं सरकारी आहे, पण दर ठरवतो संयुक्त वीज नियामक आयोग. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिल्या १०० युनिटला सर्वात कमी, ४०० च्या पुढे सर्वात जास्त. शिवाय अगदी कमी मंजूर भार (घराला मंजूर असलेली विजेची क्षमता) आणि कमी वापर असलेल्या गरीब घरांसाठी 'अल्प उत्पन्न गट' अशी वेगळी श्रेणी दरपत्रकात आहे. आपलं बिल हातात घ्या आणि वरच्या बाजूला श्रेणी आणि मंजूर भार काय लिहिलाय ते वाचा. दोन बल्ब आणि एक पंखा असलेल्या घराचा भार कधीकाळी मिक्सर-टीव्ही धरून वाढवलेला असेल, तर स्थिर आकारही त्याप्रमाणे लागतो. भार कमी करण्याचा अर्ज उपविभागीय वीज कार्यालयात करता येतो. बिलावरचा सीए नंबर, म्हणजे तुमचा ग्राहक खाते क्रमांक, प्रत्येक अर्जावर लिहा, त्याशिवाय तिथे कोणी फाइल शोधत नाही.

अनेक घरांत बिल अजून आजोबांच्या नावावर येतं. बिल भरण्यापुरतं ते चालतं, अर्जाला चालत नाही. नाव बदलायला मृत्यूचा दाखला, वारसांची ना-हरकत, घरपट्टीची पावती आणि ओळखीचे कागद जमवा. मुंडकार घरांचा प्रश्न निराळा. जमीन भाटकाराची म्हणजे जमीनमालकाची, घर त्यात राहणाऱ्या मुंडकाराचं, आणि काही भाटकार सही देत नाहीत. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांनाही वीज मागता येते. मुंडकार नोंदणी झालेली असेल तर तिची प्रत जोडा. झालेली नसेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली ती मामलेदाराकडे होते, आणि ती करून घेण्याचे फायदे विजेपुरते नाहीत.

थकबाकी चढली असेल तर लपून बसू नका. कलम ५६ प्रमाणे १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. त्या पंधरा दिवसांत सहाय्यक अभियंत्याला भेटा आणि हप्ते मागा, लेखी अर्जाने. पोच घ्या. त्याच कलमात असंही आहे की दोन वर्षांपूर्वीची रक्कम मधल्या बिलांत सलग थकबाकी म्हणून दाखवली नसेल तर ती वसूल करता येत नाही. अचानक जुन्या काळाचं मोठं बिल आलं तर मागची बिलं काढून हे पडताळा. घर बंद म्हणून सरासरी बिल आलं असेल तर मीटरचा तारखेसह फोटो काढून तक्रार करा. क्रमांक १९१२. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

सौरऊर्जा प्रत्येक घराची नाही

फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर संचाला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात, जास्तीत जास्त ७८,०००. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर, सीए नंबर टाकून, आणि काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच. पण अनुदान संच बसवून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) लागल्यावर येतं, आधी पैसे किंवा बँकेचं कर्ज लागतं. महिन्याला ५०-६० युनिट जाळणाऱ्या आणि मंगळुरी कौलांखाली राहणाऱ्या घराने यात पडू नये. वाचणारी रक्कम हप्त्यापुढे काहीच नाही. तीनशे युनिटांच्या आसपास वापर आणि पक्की स्लॅब असेल तर विचार करा.

गृह आधार

बिल भरायला महिन्याला हातात रोख येणारी योजना हीच. २०१२ पासून चालू आहे, सध्या दरमहा १,५०० रुपये. विवाहित महिलेसाठी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत आणि गोव्यात १५ वर्षांचा रहिवास. अर्ज महिला व बाल विकास खात्याच्या तालुका कार्यालयात. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, विवाहाचा दाखला, आधार आणि पासबुक सोबत हवं. स्वतः दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे (राज्याच्या मासिक पेन्शन योजनेचे) पैसे घेत असाल तर दोन्ही एकत्र मिळत नाहीत. हयातीचा दाखला वेळेवर द्या. न दिल्यामुळे बंद पडलेले पैसे पुन्हा सुरू करायला नव्या अर्जाइतकीच धावपळ होते.

उज्ज्वलाच्या अर्जाला शुल्क नाही. कोणतीही नवी जोडणी देताना एजन्सीने आपल्याकडचीच शेगडी विकत घ्यायला लावली तर नाही म्हणा, ते बंधनकारक नाही. उज्ज्वलाची तक्रार १८००-२६६-६६९६ वर करता येते. गॅसचा वास आला तर १९०६, आणि तो फोन घराबाहेर येऊन करा.