कोकणातील घरगुती ओपन बॅफल आणि त्यांचा क्रॉसओव्हर

ओपन बॅफल म्हणजे पेटी नसलेला ध्वनिक्षेपक. सपाट फळीला भोक पाडून त्यात ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा कोन आणि त्याचे चुंबक, बसवायचा आणि मागची बाजू उघडी ठेवायची, एवढीच त्याची रचना. फळीवर एकापेक्षा जास्त ड्रायव्हर असले की खर्ज कोणी वाजवायचा आणि वरचे स्वर कोणी, याची वाटणी करणारे विद्युत्मंडल लागते. तोच क्रॉसओव्हर. पेटीच्या स्पीकरमध्ये क्रॉसओव्हरचे काम बहुतांशी वाटणीपुरते असते. ओपन बॅफलमध्ये फळीने खाल्लेला खर्जही त्यालाच भरून काढावा लागतो, म्हणून पुस्तकातली सूत्रे जशीच्या तशी वापरून बांधलेला क्रॉसओव्हर फळीवर हमखास फसतो.

कोकणात हा उद्योग जमण्याजोगा आहे. फळी कापायला गावचा सुतार आहे, कॉइल गुंडाळायला पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारे दुकान आहे, आणि मोजमापाला घरापुढचे खळे आहे. उरलेले सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत येतात किंवा कुरिअरने.

पूर्वपीठिका : आजच्या हलत्या कॉइलच्या ध्वनिक्षेपकाची मांडणी चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये केली, आणि तो सुरुवातीला फळीवरच वाजत असे. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची पाठ बहुधा भोके पाडलेल्या पुठ्ठ्याची असते. खरे तर तेही ओपन बॅफलच. १९५४ मध्ये एडगर विलचर यांनी बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून छोट्या पेटीतून खर्ज काढला आणि बाजार पेट्यांकडे वळला. फळीच्या बाजूने पुढे सर्वांत चिकाटीने काम केले ते झिगफ्रिड लिंकविट्झ (१९३५–२०१८) यांनी. १९७६ मध्ये त्यांच्या शोधनिबंधातून पुढे आलेला लिंकविट्झ-रायली फिल्टर आज घरगुती आणि व्यावसायिक दोन्हीकडे रुळला आहे.

फळीचे गणित : ड्रायव्हरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढे हवा दाबली जाते आणि मागे विरळ होते. मागची लाट फळीच्या कडेवरून वळून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाते. नेमक्या बाजूला, फळीच्या रेषेत, दोन्ही लाटा सारख्याच अंतरावरून येतात. तिथे आवाज जवळजवळ शून्य होतो. वरून पाहिले तर ध्वनीचा आकार इंग्रजी आठासारखा दिसतो. खोलीत फेकली जाणारी एकूण ऊर्जा, समोर तेवढाच आवाज देणाऱ्या आणि सर्व दिशांना सारखे वाजणाऱ्या स्पीकरपेक्षा ४.८ डेसिबलने कमी असते. खर्ज कोपऱ्यात घुमत नाही, ही या रचनेची खरी कमाई.

एक उदाहरण घेऊ. १९ मिलिमीटरच्या प्लायची ५० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच फळी आहे. खालच्या बाजूला वूफर, म्हणजे खर्जाचा १५ इंची ड्रायव्हर, आणि वर फुलरेंज, म्हणजे बाकीचे सगळे स्वर वाजवणारा ८ इंची ड्रायव्हर आहे. खालची कड जमिनीला टेकल्यामुळे तिकडून लाट वळत नाही. मागच्या लाटेला पुढे यायला सरासरी ३० सेंटिमीटर जास्त चालावे लागते असे धरू. आपल्याकडच्या उकाड्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर असतो. मग सुमारे ५८० हर्ट्झला दोन्ही लाटा एकमेकींना धरून चालतात आणि आवाज ६ डेसिबलने फुगतो. १९० हर्ट्झच्या आसपास नफाही नाही, तोटाही नाही. त्याखाली वारंवारता निम्मी झाली की आवाज ६ डेसिबलने उतरतो : ९५ हर्ट्झला सुमारे ६ डेसिबल तोटा, ४८ हर्ट्झला सुमारे १२. वरच्या बाजूला ११६० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, पण कडा वेगवेगळ्या अंतरावर असल्यामुळे तो पसरट होतो. गोल फळीच्या बरोबर मध्यभागी ड्रायव्हर बसवणे ही यातली सर्वांत वाईट रचना. सगळ्या कडा सारख्या अंतरावर येतात आणि खड्डा विहिरीसारखा खोल होतो. ड्रायव्हर थोडा एका बाजूला सरकवला की हा दोष फुकटात कमी होतो, पण देखण्या सममितीपायी ते करायला सहसा कोणी धजत नाही.

खर्जाची वाटणी : वूफरला एकसर (सीरिजमध्ये) जोडलेली कॉइल वरचे स्वर अडवते. तिचा उतारही, वारंवारता दुप्पट झाली की ६ डेसिबल असाच असतो. फळीचा चढ ६ डेसिबल आणि कॉइलचा उतार ६ डेसिबल, म्हणजे दोन्ही एकमेकांना काट मारतात. त्यासाठी कॉइलचा छेद, म्हणजे जिथून ती अडवू लागते ती वारंवारता, मुद्दाम खाली धरायचा. कॉइलचे मूल्य म्हणजे रोधाला ६.२८ आणि वारंवारतेच्या गुणाकाराने भागणे. ८ ओहम आणि १०० हर्ट्झला ते १२.७ मिलिहेन्री येते. उदाहरणातल्या फळीसाठी हिशेब मांडला, तर १०० ते ४०० हर्ट्झ या पट्ट्यात फळी आणि कॉइल यांची बेरीज दोन डेसिबलच्या आत सपाट राहते. त्याची किंमत म्हणजे सुमारे ७ डेसिबल पातळी. म्हणून ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा (तेवढ्याच विजेवर जास्त मोठा वाजणारा) वूफर ९० डेसिबलच्या फुलरेंजबरोबर जोडला की जोडी जमते. दोन्ही ९० चे घेतले तर खर्ज कायमचा मागे पडतो आणि पुढे कितीही कॉइल बदलल्या तरी हाती काही लागत नाही.

हा हिशेब ८ ओहम हा ठाम रोध धरून केलेला आहे. प्रत्यक्षात ड्रायव्हरचा रोध त्याच्या अनुनादाजवळ, म्हणजे कोन ज्या वारंवारतेला आपसूक डोलतो तिच्याजवळ, कित्येक पटींनी उसळतो आणि तिथे कॉइलचा प्रभाव नाममात्र उरतो. अनुनादाजवळच्या या उसळीला फळीवर उपयोग आहे. एकूण क्यू (अनुनाद किती मोकळा उसळतो याचे माप) ०.७ ते १ असलेला, म्हणजे चुंबक जरा अशक्त असलेला वूफर तळाशी थोडा फुगतो आणि तोट्याचा काही भाग स्वतःच भरून काढतो. लाउडस्पीकरवाल्यांकडचे दमदार चुंबकाचे वूफर पेटीत उत्तम वाजतात आणि फळीवर कोरडे लागतात ते यामुळेच. कॉइलच्या तारेचा रोध इथे थोडा हात देतो : ड्रायव्हरचा डीसी रोध ५.५ ओहम आणि कॉइलचा १.१ ओहम असेल तर विद्युत् क्यू एक पंचमांशाने वाढतो.

इतकी मोठी कॉइल तयार मिळाली तरी महाग पडते. रिवाइंडिंगच्या दुकानात तिला चोकच म्हणतात. १८ गेजची, म्हणजे सुमारे १.२२ मिलिमीटर जाडीची इनॅमल तार तिथे असतेच. पत्र्याच्या पट्ट्यांचा गाभा वापरायचा तर दोन भागांमध्ये पुठ्ठ्याची फट ठेवून घ्यावी, नाहीतर मोठ्या आवाजाला गाभा संपृक्त होतो आणि खर्ज फाटतो. कारागिराकडून थोडे जास्तच वेढे मारून घ्यावेत आणि घरी कॉइलचे मूल्य दाखवणारा एलसीआर मीटर लावून एकेक वेढा उलगडत यावे. इंडक्टन्स, म्हणजे कॉइलचे हे मूल्य, वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दहा टक्के वेढे काढले की ते सुमारे १९ टक्के उतरते, त्यामुळे शेवटी घाई करू नये. दोन कॉइल शेजारी असतील तर एक उभी आणि एक आडवी ठेवावी, म्हणजे एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. तेवढाच आवाज ठेवून वारंवारता निम्मी केली तर बंद पेटीत कोनाची हालचाल चौपट होते, फळीवर आठपट. मागे हवेची उशी नसते, त्यामुळे शिमग्याच्या आवेशात आवाज वाढवला की वूफरची कॉइल चुंबकाच्या तळावर आपटते. ४० हर्ट्झच्या खाली एका १५ इंची वूफरकडून मोठ्या आवाजाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

फुलरेंजची बाजू : इथे एकसर कपॅसिटर पुरतो. जुने रेडिओ मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात. ३०० हर्ट्झ आणि ८ ओहमला ६६ मायक्रोफॅरड येतात, म्हणजे ३३ चे दोन समांतर. एवढ्या मूल्याचे फिल्म कपॅसिटर खिशाला जड जातात. त्याऐवजी द्विध्रुवी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घेऊन त्यावर एक लहान फिल्म कपॅसिटर समांतर जोडण्याची पद्धत आहे, पण त्याने ऐकू येण्याजोगा फरक पडतोच असे नाही. महत्त्वाचे हे, की फळीचा ६ डेसिबल उतार कपॅसिटरच्या ६ डेसिबलमध्ये मिळतो आणि कागदावरचा पहिल्या श्रेणीचा (६ डेसिबल उताराचा) फिल्टर कानाशी दुसऱ्या श्रेणीचा (१२ डेसिबलचा) होऊन पोहोचतो. त्यामुळे फुलरेंजची ध्रुवता (अधिक-उणे तारांची जोडणी) सुलट ठेवायची की उलट, हे सूत्रावरून ठरत नाही. ५८० हर्ट्झचा फुगवटा फुलरेंजमध्येही येतो. तो दाबायला कॉइल, कपॅसिटर आणि रोध यांचा समांतर सापळा एकसर जोडतात.

ज्यांना तारा-कॉइलचा खटाटोप नको, ते दोन स्वतंत्र ॲम्प्लिफायर आणि डीएसपी, म्हणजे हीच वाटणी आकडेमोडीने करणारे यंत्र, वापरतात. सापळे, उतार, विलंब सगळे संगणकावर बदलता येते. पहिल्यांदाच बनवणाऱ्याने हाच मार्ग धरावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कॉइल हौस म्हणून नंतर गुंडाळता येतील.

खळ्यातले मोजमाप : खोलीत १ मीटर उंचीवर स्पीकर आणि १ मीटर अंतरावर माइक ठेवला, तर जमिनीवरून परतलेली लाट थेट लाटेमागून साडेतीन मिलिसेकंदांनी माइकवर येते. तिच्या आधीचेच तेवढे खरे धरायचे, तर सुमारे २८० हर्ट्झच्या खालचे काहीच कळत नाही. आपली वाटणी नेमकी ३०० ला. म्हणून फळी बाहेर काढावी लागते. माइक हवेत न धरता जमिनीवरच आडवा ठेवला की थेट लाट आणि परतलेली लाट एकाच वेळी पोहोचतात. सगळीकडे सारखी ६ डेसिबल वाढ मिळते आणि खड्डे पडत नाहीत. शेणाने सारवलेले, चोपून घट्ट केलेले खळे यासाठी चांगले. उघडा कातळाचा सडा त्याहून चांगला, पण तिथवर वीज न्यावी लागते. घराची भिंत सहा मीटर दूर असेल तर तिचा प्रतिध्वनी ३४ मिलिसेकंद उशिरा येतो आणि ३० हर्ट्झपर्यंतचे माप हाती लागते.

वेळ पहाटेची धरावी. दुपारचे खारे वारे सुरू व्हायला तेव्हा अवकाश असतो. झावळ्यांची सळसळ माइकला पावसाइतकीच मोठी ऐकू येते. पावसाळ्यात बेडकांपुढे कोणाचेच चालत नाही. पौष-माघ हे खरे मोजमापाचे महिने. यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्राम एवढी सामग्री पुरते. प्रत्येक ड्रायव्हर वेगळा, पण माइक आणि आवाजाचा खटका न हलवता मोजायचा. मग क्रोकोडाइल क्लिपांनी सुटे भाग जोडून दोन्ही एकत्र वाजवायचे. फुलरेंजच्या तारा उलट करून पुन्हा मोजायचे. एका जोडणीत ३०० हर्ट्झजवळ वीस डेसिबलचा टोकदार खड्डा दिसला, तर दोन्ही ड्रायव्हर कलेत (फेजमध्ये) जुळले आहेत असे समजावे आणि त्याच्या विरुद्ध जोडणी कायम करावी. खड्डा उथळ आणि एका बाजूला कललेला असेल तर कपॅसिटरमध्ये दहा-वीस मायक्रोफॅरड कमीजास्त करून पाहावे.

कानाची जुळणी : आलेख सपाट झाल्यावर फळी माजघरात आणावी. मागच्या भिंतीपासून निदान एक मीटर पुढे हवी. पडवी लांब असली तरी अरुंद, तिथे मागची लाट लगेच परतते. कौलारू छताखाली, वर माळा नसेल तर, खर्ज कौलांतून निसटतो. सिमेंटच्या स्लॅबखाली तोच क्रॉसओव्हर जड वाटतो. ऐकण्यासाठी डबलबारीच्या भजनाचे ध्वनिमुद्रण सोयीचे. पखवाजाच्या कणीक लावलेल्या धुम्याचा आवाज वूफरकडे, बुवांचा गळा नेमका दोघांच्या सीमेवर आणि झांज फुलरेंजच्या माथ्यावर. बुवा नाकात गाताहेत असे वाटले तर ५८० चा फुगवटा अजून शिल्लक आहे. गळा पातळ आणि धुमा वेगळ्याच ठिकाणाहून आल्यासारखा वाटला तर वाटणीच्या जागी पोकळी आहे. झांज कानाला टोचत असेल तर क्रॉसओव्हरला हात न लावता आधी फळी दहा-पंधरा अंश वळवून पाहावी. एका वेळी एकच भाग बदलावा आणि मूल्य वहीत लिहावे. दोन दिवसांनी आधीची जोडणी आठवत नाही.

साहित्य आणि पावसाळा : एमडीएफ कोकणात दोन पावसाळ्यांत कडेने फुगतो. आयएस ७१० प्रतीचा मरीन प्लाय घ्यावा आणि कडा सीलरने बंद कराव्यात. फणसाच्या जुन्या दाराची फळी दिसायला राजबिंडी, पण अखंड लाकूड हवेप्रमाणे आकसते-फुगते आणि ड्रायव्हरची बैठक सैल पडते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. फोमची कड असलेला ड्रायव्हर घेऊ नये. दमट उष्ण हवेत ती चिकट होऊन तुटते, रबराची टिकते. कागदी कोन ओल धरून जड होतो आणि अनुनाद थोडा खाली सरकतो, म्हणून आषाढातल्या मापांवर क्रॉसओव्हर बदलू नये.

मागची बाजू उघडी असल्यामुळे तिथे पातळ मलमलचे कापड ताणून लावतात. ध्वनीला त्याचा अडथळा होत नाही, जांभ्याची तांबडी धूळ अडते, आणि कुंभारमाशी चुंबकामागे मातीचे घर बांधत नाही. कापड नसेल तर ती फुलरेंजच्या सांगाड्याच्या फटी निवडते. घर खरवडून काढताना मातीचे कण कोनावर पडू नयेत म्हणून फळी आधी पालथी धरावी.