लढाईनंतरचा पाईप: माजी सैनिक आणि तंबाखूच्या सोबतीची पार्श्वभूमी

युद्धावरून परतलेले काही जण संध्याकाळी एकत्र बसतात, पाईप भरतात, तासभर ओढतात आणि आपापल्या घरी जातात. बोलणं झालं तर झालं, नाही झालं तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. अमेरिका-ब्रिटनमधल्या माजी सैनिकांचं हे बसणं पाहिलं की पाईप मूळचा रणांगणावरचाच असणार असं वाटतं. ते अर्धंच खरं आहे. युरोपात तंबाखू पसरवण्यात सैन्यांचा मोठा हात होता हे खरं, पण आधुनिक युद्धाने सैनिकाच्या हातातला पाईप काढून घेऊन तिथे सिगारेट दिली. पाईप टिकला तो परतलेल्यांकडे. त्यातून मिळणाऱ्या शांततेची कारणंही या इतिहासातच सापडतात.

तंबाखू अमेरिका खंडातला आणि पाईपही तिथलाच. आजच्या मिनेसोटा राज्यातल्या पाईपस्टोन इथल्या खाणीतला लाल दगड कोरून केलेले पाईप तिथल्या मूळ रहिवाशांच्या करारमदारात आणि विधींत फिरत असत. युरोपात सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये आणि पुढे हॉलंडमध्ये पांढऱ्या मातीचे भाजलेले पाईप निघाले आणि तीस वर्षांच्या युद्धात (१६१८ ते १६४८) फौजांबरोबर धूम्रपान मध्य युरोपात खोलवर गेलं. मातीचा पाईप स्वस्त आणि ठिसूळ. लांब दांड्याचा पाईप खानावळीत शोभायचा. सैनिक आणि मजूर आखूड दांड्याचा वापरत, कारण तो दातांत धरला की दोन्ही हात मोकळे. त्याचा तोटा असा की धूर थंड व्हायला नळीत जागाच उरत नाही आणि जीभ पोळते. जुन्या छावण्यांच्या आणि किल्ल्यांच्या जागी या पाईपांचे इतके तुकडे सापडतात की पुरातत्त्वज्ञ त्यांच्यावरून काळ ठरवतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नळीचं भोक साधारण ९/६४ इंच होतं, अठराव्या शतकाच्या शेवटी ते ४/६४ इंचापर्यंत अरुंद झालं. जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये हा आडाखा मांडला.

तंबाखूवरून जुळलेल्या दोस्तीची सर्वांत चांगली नोंद अमेरिकी यादवी युद्धातली आहे. १८६२-६३ च्या हिवाळ्यात फ्रेडरिक्सबर्गजवळ रॅपहॅनॉक नदीच्या एका काठावर उत्तरेची फौज होती, दुसऱ्यावर दक्षिणेची. दक्षिणेकडे व्हर्जिनियाचा तंबाखू मुबलक, पण नाकेबंदीमुळे कॉफी मिळेना; उत्तरेकडे कॉफी शिध्यातच मिळायची, तंबाखूची टंचाई. मग दोन्हीकडचे पहारेकरी फळकुटाच्या छोट्या होड्या करून, शीड लावून पाण्यात सोडत. इकडून कॉफी जायची, तिकडून तंबाखू यायचा. वरिष्ठांची मनाई होती, पण ती फारशी कुणी मनावर घेतली नाही.

त्याच छावण्यांत सैनिक रिकाम्या वेळी माउंटन लॉरेल या झुडपाची मुळं खणून पाईप कोरत. लढायांची नावं, आद्याक्षरं आणि १८६३ पासून कोअरची (सैन्याच्या मोठ्या विभागाची) चिन्हंही त्यावर येऊ लागली: त्रिदल पान दुसऱ्या कोअरचं, माल्टीज क्रॉस पाचव्याचा. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. मूळ ओलं असताना कोरलं तर वाळताना तडकतं. धुराचं भोक तंबाखू भरायच्या वाटीच्या तळाला बरोबर मिळायला हवं. ते वर निघालं तर खालचा तंबाखू कधीच जळत नाही आणि तिथे काळा, कडू चिखल साचतो. वाटीची भिंत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा पातळ झाली तर हाताला चटका बसतो आणि काही दिवसांत लाकूडच जळून भोक पडतं. चांगला पाईप व्हायला अनेक संध्याकाळी जात.

जर्मनीत पाईपला लष्करी नोकरी संपल्याच्या खुणेचं स्थान मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९१४ पर्यंत सक्तीची सेवा संपवून राखीव दलात जाणारे तरुण आठवण म्हणून पोर्सेलिनचा पाईप रंगवून घेत. पायदळात १८९३ नंतर ही सेवा दोन वर्षांची, घोडदळात तीन. पाईपच्या उभट वाटीवर रेजिमेंट, कंपनी, ठाण्याचं गाव, सेवेची वर्षं आणि मालकाचं नाव असे. बराकीतली किंवा घरी परतण्याची चित्रं असत. आणि बऱ्याच पाईपांवर बरोबरच्या जवानांच्या नावांची अख्खी यादी बारीक अक्षरात असे. पोर्सेलिन ओल शोषत नाही, म्हणून वाटीखाली रस साचायला वेगळी कुपी जोडावी लागे, वर धातूचं झाकण, आणि नळी इतकी लांब की उभ्याने ओढायची सोय नाही. घरी खुर्चीत बसूनच ओढायची ही वस्तू. माजी सैनिकाचा पाईप हा प्रकार इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतो: लढाईत न्यायचा नाही, परतल्यावर सोबत्यांची नावं हातात धरून ओढायचा.

दरम्यान लाकूड बदललं होतं. १८५० च्या दशकात फ्रान्सच्या जुरा भागातल्या सेंट क्लोद गावात ब्रायरचे पाईप होऊ लागले. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाची, मूळ आणि खोड यांच्यामधली गाठ. ती कापून तासन् तास उकळतात, मग महिनोन् महिने सावलीत वाळवतात. एवढं केल्यावर ते लाकूड आगीला दाद देत नाही आणि ओलही शोषून घेतं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाच्या शिध्यात आठवड्याला दोन औंस तंबाखू होता, म्हणजे सुमारे ५६ ग्रॅम. एका मध्यम वाटीत अडीच-तीन ग्रॅम मावतो, तेव्हा दिवसाला जेमतेम तीन पाईप. १९१४ च्या नाताळात प्रिन्सेस मेरीच्या नावाने आघाडीवर पितळी डब्या गेल्या. धूम्रपान करणाऱ्याच्या वाट्याला एक औंस पाईपचा तंबाखू, वीस सिगारेटी, एक पाईप आणि लायटर. न ओढणाऱ्याला गोळ्या आणि लिहिण्याचं साहित्य. हिंदी पलटणींचा वेगळा विचार झाला होता. गुरख्यांना ब्रिटिशांसारखीच भेट, शिखांना तंबाखूऐवजी खडीसाखर आणि मसाल्याची डबी. युद्धाच्या धामधुमीत इतकी समज क्वचितच दिसते.

पण खंदकाने पाईपला हरवलं. सिगारेट काही सेकंदांत पेटते, पाच-सात मिनिटांत संपते आणि हुकूम आला की फेकून देता येते. पाईपला भरायला वेळ, पेटवायला दोन-तीन काड्या, मध्ये दाबायला मोकळा हात आणि कोरडा तंबाखू लागतो. पाऊस आणि चिखलात तंबाखू भिजला की वाफ धरतो, विझत राहतो. उघड्या वाटीतला निखारा रात्री दिसतो, म्हणून त्यावर छिद्रांचं धातूचं टोपण बसवायचे. एका काडीवर तिघांनी पेटवू नये हा संकेतही या युद्धात पक्का झाला: पहिल्याला शत्रूचा नेमबाज पाहतो, दुसऱ्यावर नेम धरतो, तिसऱ्यावर गोळी झाडतो. त्यात सिगारेटचं यंत्र १८८० च्या दशकापासून दिवसाला लाखावर नग काढत होतं. पुरवठा खात्याला आणखी काय हवं?

त्या काळाची खूण पाईपच्या बांधणीत मात्र राहिली. आर्मी माउंट नावाच्या जोडणीत वाटीला जोडलेल्या लाकडी दांड्याच्या तोंडाला धातूची पट्टी असते आणि तोंडात धरायच्या नळीचं टोक निमुळतं, नुसतं दाबून बसवायचं. दांडा मोडला की रिकाम्या काडतुसाची पुंगळी चढवून सैनिक तो दुरुस्त करत, तिथून ही रीत आली असं पाईप करणारे सांगतात. कथा खरी असो वा नसो, उपयोग खरा आहे. साध्या पाईपची नळी गरम असताना काढली तर फुगलेलं लाकूड ताणाखाली चिरतं. या जोडणीची नळी गरम असतानाही काढून साफ करता येते.

सोबतीचं म्हणाल तर बेल्जियममधल्या पोपरिंग गावातलं टॅल्बट हाउस हे सैनिकांचं विसाव्याचं घर विसरता येत नाही. डिसेंबर १९१५ मध्ये फिलिप क्लेटन या लष्करी पाद्र्याने ते चालवायला घेतलं. नियम एकच, हुद्दा दाराबाहेर ठेवायचा. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ (लढाईने मनावर झालेला आघात) हा शब्द वैद्यकीय लिखाणात आणला होता, पण बहुसंख्य सैनिकांच्या वाट्याला डॉक्टर आलेच नाहीत. ते घरी आले, गप्प झाले आणि अनेकांनी पाईप धरला. दोन युद्धांमधल्या ब्रिटनमध्ये पाईप ओढणारा म्हणजे स्थिर डोक्याचा माणूस अशी प्रतिमा होती. गॅलिपोलीत लढलेले आणि १९१६ मध्ये मेसोपोटेमियात जखमी झालेले क्लेमेंट ॲटली पंतप्रधान झाल्यावरही पाईपनेच ओळखले जात.

दुसऱ्या महायुद्धात भूमध्य भागातला ब्रायर अमेरिकेला मिळेना, तेव्हा माउंटन लॉरेल आणि कॅलिफोर्नियातल्या मॅन्झानिटाच्या गाठी वापरल्या गेल्या. अमेरिकी सेनानी डग्लस मॅकार्थर यांचा मक्याच्या कणसाचा पाईप मिसुरीतल्या वॉशिंग्टन गावच्या कारखान्यातला. असे पाईप तिथे १८६९ पासून होतात. साध्या जवानाच्या शिध्याच्या खोक्यात मात्र सिगारेटच होती आणि ती व्हिएतनामनंतर, १९७५ मध्ये, बंद झाली. मधल्या काळात १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेल्यांचे बोलण्याचे गट सुरू झाले; रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ त्यात बसत. १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा विकार, हे निदान मनोविकारांच्या अधिकृत यादीत आलं. सोबत्यांमध्ये बसण्याने फरक पडतो ही गोष्ट तेव्हा कुठे डॉक्टरांच्या कागदावर उतरली.

पाईपने शांत वाटतं ते कशामुळे? कृतीकडे पाहिलं तर बरंचसं उलगडतं. तंबाखू आधी बोटांत मोकळा करून पाहायचा: चिमटीत दाबून सोडल्यावर हळूहळू सुटायला हवा. लगेच गोळा झाला तर ओला, चुरा झाला तर फार कोरडा. वाटी तीन वेळा भरायची, पहिल्यांदा अगदी हलकी, दुसऱ्यांदा जरा दाबून, तिसऱ्यांदा घट्ट. मग न पेटवता ओढून पाहायचं. रिकामी नळी ओढल्यासारखं वाटलं तर सैल, गाल आत ओढले गेले तर घट्ट. पहिल्या काडीने वरचा थर फुलून वर येतो, तो टॅम्परने (तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने) अलगद बसवायचा आणि दुसरी काडी लावायची. नंतरची लय श्वासाची: छोटा घोट, सोडणं, थांबणं. जोरात ओढलं की वाटी तापते, वाफ होते, जीभ सोलवटते आणि नळीत गुळगुळ वाजू लागतं. गुळगुळ आली की पाईप क्लीनर आत घालून ओल टिपायची. विझला तर विझला, पुन्हा पेटवायचा.

सतत सावध राहायची सवय लागलेल्या माणसाला यातलं पाऊण तास एका जागी बसणं हेच अवघड असतं आणि पाईप ते मागून घेतो. घाई केली तर तोच लगेच शिक्षा करतो. हात कामात असतात, नजर वाटीकडे असते, त्यामुळे शेजारच्याच्या डोळ्यांत न पाहता बोलता येतं. संथ ओढण्याच्या स्पर्धांत तर हेच नियम बनलंय: प्रत्येकाला तीन ग्रॅम तंबाखू, दोन काड्या, पेटवायला एक मिनिट, ज्याचा शेवटपर्यंत जळत राहील तो जिंकला. बैठकीत तंबाखू निवडताना एक गोष्ट पाहावी. लटाकिया नावाचा तंबाखू धुरावर सुकवलेला असतो आणि त्याला जळक्या लाकडाचा उग्र वास येतो. ज्याच्या आठवणींत आग आहे त्याच्या शेजारी तो उघडू नये.

या शांततेतला एक भाग निव्वळ निकोटिनचा आहे, हेही सांगायला हवं. ज्याला सवय लागलीय त्याची तलफ भागते आणि ते समाधानासारखं वाटतं. धूर छातीत न घेताही निकोटिन तोंडातून रक्तात जातं, कारण बर्ली जातीच्या तंबाखूसारख्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो. ओठ, तोंड, घसा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पाईपलाही आहे. सिगारेटपेक्षा बरा ही पळवाट झाली. तंबाखू सोडला तर मन बिघडेल ही भीती माजी सैनिकांत जुनी आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पीटीएसडी असलेल्या ९४३ अमेरिकी माजी सैनिकांपैकी निम्म्यांना मानसोपचारासोबतच व्यसनमुक्तीचे उपचार दिले. त्यांच्यात दीर्घकाळ सोडून राहणारे ८.९ टक्के निघाले, तर वेगळ्या दवाखान्यात पाठवलेल्यांत ४.५ टक्के. सोडल्यामुळे पीटीएसडीची लक्षणं वाढली नाहीत. आकडे लहान आहेत, पण भीती खोटी ठरली. ऑक्टोबर २०१९ पासून अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात धूम्रपानच बंद झालं.

ज्यांना धूर सोडायचाय पण पाईपांची माणसं सोडायची नाहीत, त्यांच्यासाठी जुने पाईप दुरुस्त करणं ही चांगली वाट आहे. वाटीतला कार्बनचा थर रीमरने (खरवडायच्या हत्याराने) एक-दीड मिलिमीटरवर आणायचा, कारण जाड थर तापून फुगतो आणि वाटी चिरते. मग वाटीत जाडं मीठ भरून त्यावर थोडं थोडं तीव्र अल्कोहोल सोडायचं आणि दिवसभर ठेवायचं. सकाळी मीठ तपकिरी झालेलं दिसतं. दांड्याच्या भोकात मात्र आधीच कापसाचा बोळा घालावा. मीठ तिथे शिरून ओल धरून बसलं, तर फुगून दांडा आतून फुटतो आणि मग धातूची पट्टी चढवण्यावाचून इलाज राहत नाही.