डेव्हिड कॉपरफील्ड

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) याची आठवी कादंबरी. मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० या काळात ती हिरव्या वेष्टनातल्या मासिक अंकांतून लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. अंकाची किंमत एक शिलिंग. आत ३२ पाने मजकूर आणि ‘फिझ’ या टोपणनावाने काढणाऱ्या हॅब्लो ब्राउनची दोन चित्रे. शेवटचा अंक जोडअंक होता.

पोरका डेव्हिड पुढे लेखक होतो आणि आपली हकीकत आपणच सांगतो. बाप त्याच्या जन्माआधीच गेलेला. आई मर्डस्टन नावाच्या कठोर माणसाशी दुसरे लग्न करते आणि खंगून मरते. सावत्र बाप दहा वर्षांच्या पोराला लंडनच्या एका दारूच्या वखारीत बाटल्या धुवायला धाडतो. तिथून पळून, अंगावरचे कपडे विकत विकत, तो पायी डोव्हरला बेट्सी ट्रॉटवुड या आजीकडे पोहोचतो. ही त्याच्या वडिलांची आत्या.

ही वखार डिकन्सच्या स्वतःच्या आयुष्यातली आहे. वडील जॉन नौदलाच्या पगार कचेरीत कारकून होते. मिळकत बरी, पण हात सैल. फेब्रुवारी १८२४ मध्ये सुमारे चाळीस पौंडांच्या कर्जापायी त्यांची रवानगी मार्शलसी तुरुंगात झाली. त्याच सुमारास बारा वर्षांचा चार्ल्स थेम्सकाठच्या, उंदरांनी बुजबुजलेल्या एका जुनाट इमारतीत बूटपॉलिशच्या कामाला लागला होता. डबीच्या तोंडावर आधी तेलकट कागद, त्यावर निळा कागद, मग दोरी, कडा कातरून सारख्या करायच्या आणि लेबल डकवायचे. आठवड्याला मजुरी सहा-सात शिलिंग. वडील सुटल्यावरही हे काम चालूच राहिले. पुढे वडिलांचे मालकाशी भांडण झाले आणि त्यांनी मुलाला काढून घेतले. पण आईने मध्यस्थी करून त्याला परत पाठवण्याचा घाट घातला. आईचे हे वागणे डिकन्स जन्मभर विसरला नाही.

या दिवसांविषयी त्याने आत्मचरित्राचे एक टिपण लिहून ते मित्र जॉन फॉर्स्टरच्या हवाली केले होते. कादंबरीच्या अकराव्या प्रकरणात त्यातली वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहेत. फेरफार आहे तो आईबापांत. मुलाला पुन्हा कामाला जुंपू पाहणारी आई इथे नाही. इथली आई वखारीआधीच मरते, म्हणून शेवटपर्यंत प्रेमळच राहते. डिकन्सचा खरा बाप येतो तो मिकॉबर या घरमालकाच्या वेषात. वर्षाला वीस पौंड मिळकत असताना सहा पेनी कमी खर्चले तर सुख आणि सहा पेनी जास्त खर्चले तर दुर्दशा, हा हिशेब तो पोराला पढवतो आणि स्वतः मात्र कर्जापायी तुरुंगात जाऊन बसतो. डेव्हिडची जबाबदारी त्याच्यावर नाही, म्हणूनच त्याच्यावर मनमोकळे हसता येते. बापाचा राग कुठे ठेवावा हा प्रश्न डिकन्सने असा सोडवला, असे म्हणायला हरकत नाही.

लघुलिपी, वकिलाची कचेरी, पार्लमेंटची बातमीदारी हे टप्पेही लेखकाचेच. डेव्हिडच्या अल्लड बायकोत, डोरात, डिकन्सच्या तरुणपणीच्या असफल प्रेमाची, मारिया बीडनेलची, छाया आहे. ऑगस्ट १८५० मध्ये झालेल्या मुलीचे नाव त्याने डोराच ठेवले. ती वर्षाच्या आतच दगावली.

बालपणाचा भाग कादंबरीचा प्राण आहे. डेव्हिडची दुसरी बायको ॲग्नेस मात्र देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी निर्जीव वाटते. तिच्यापुढे ओलसर हातांचा, ऊठसूट नम्रता मिरवणारा कपटी युराया हीप कितीतरी जिवंत आहे. बुटक्या मिस माउचरच्या पात्रात एका खऱ्या शेजारणीने स्वतःला ओळखले आणि तक्रार केली, तेव्हा पुढच्या अंकांत डिकन्सने ते पात्र खलवृत्तीचे न ठेवता भले करून टाकले. अंकाअंकाने छापण्यातच अशी सोय होती.

आपल्या सगळ्या पुस्तकांत हेच लाडके, असे त्याने १८६७ च्या प्रस्तावनेत लिहिले. त्याआधी, १८६० मध्ये, ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही आणखी एका पोरक्या मुलाची कहाणी हाती घेताना, पूर्वीचेच पुन्हा लिहिले जाऊ नये म्हणून त्याने ‘कॉपरफील्ड’ मुद्दाम परत वाचली, आणि वाचताना आपण किती हेलावलो ते फॉर्स्टरला कळवले.