खाल्लेलं अंगी का लागत नाही?

मुलांची जंत तपासणी करून घेणाऱ्या पालकांसाठी आमच्या लॅबतर्फे

रिपोर्ट हातात पडला की बहुतेक पालक 'जंत आढळले' की 'आढळले नाहीत' एवढंच बघतात आणि कागद घडी करून ठेवून देतात. आमची मनापासून विनंती आहे, जंताचं नावही वाचा. तो कोणता आहे त्यावर मुलाच्या अंगातून नेमकं काय जातंय ते ठरतं.

सर्वांत जास्त काळजी अंकुशकृमीची करायला हवी. हा जंत जेमतेम 1 सेंटीमीटरचा, पण आतड्याच्या अस्तराला चावून रक्त पितो. जातीनुसार एक जंत दिवसाला साधारण 0.03 ते 0.2 मिलिलिटर रक्त घेतो. दोन-चार असले तर जाणवतही नाही. शंभर असले तर रोजचं 3 ते 20 मिलिलिटर रक्त जातं, आणि त्याबरोबर लोह आणि प्रथिनंही. वाढत्या वयात लोह कमी पडलं की मूल फिकट दिसतं, खेळताना लवकर दमतं, अभ्यासात त्याचं लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, आळशी झालाय. म्हणून या जंताचं नाव दिसलं तर हिमोग्लोबिनही तपासून घ्या. 5 ते 11 वर्षांच्या मुलांत ते 11.5 च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. जंताची गोळी जंत मारते, गेलेलं लोह भरून काढत नाही. नेमकं हेच घरोघरी राहून जातं. लोहाचं औषध किती आणि किती दिवस द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. या जंताच्या अळ्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात, तेव्हा चपला हाही उपचाराचाच भाग.

गोल जंताचं गणित वेगळं. 20 ते 35 सेंटीमीटरची मादी लहान आतड्यात राहते, तिथलं अन्न खाते आणि दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते. सूक्ष्मदर्शकाखाली हे अंडं तपकिरी, जाड कवचाचं आणि वरून खडबडीत दिसतं. या जंतामुळे भूक मंदावते, स्निग्ध पदार्थ आणि अ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. अंडी मातीत दोन-चार आठवडे राहिल्यावरच संसर्ग करू शकतात. मग न धुतलेल्या हातांतून आणि भाज्यांतून पोटात जातात. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत.

चाबूककृमीचं अंडं दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखं असतं. हे जंत मोठ्या आतड्यात राहतात. ते फार झाले तर रक्त-आव पडत राहते आणि उंची खुंटते. एका गोळीने ते बऱ्याचदा पूर्ण जात नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वजन-उंची कमी असण्यामागे प्रत्येक वेळी जंतच नसतात. अपुरा आहार, वारंवारचे जुलाब, इतर आजारही असतात. सरसकट सगळ्या मुलांना गोळ्या दिल्या तर सरासरी वजनात फारसा फरक पडत नाही, असं मोठ्या आढाव्यांत दिसलं आहे. ज्या मुलाला खरोखर जंत आहेत त्याला मात्र उपचाराचा फायदा होऊ शकतो. म्हणून रिपोर्टबरोबर मुलाची वजन-उंचीची नोंदही डॉक्टरांना दाखवा.

तपासणीसाठी शौचाचा नमुना स्वच्छ, कोरड्या डबीत घ्या, त्यात लघवी मिसळू देऊ नका आणि लवकर आणून द्या. एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणजे जंत नाहीतच असं नाही. शंका असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या. रात्री शौचाच्या जागी खाज येत असेल तर ते बहुधा बारीक पांढरे जंत असतात. त्यांची अंडी शौचात सहसा दिसत नाहीत. सकाळी उठल्यावर, धुण्याआधी, त्या जागी चिकटपट्टी लावून नमुना घ्यावा लागतो. तो कसा घ्यायचा ते आम्ही समजावून देतो.

मुलाचं पोट फुगलं असेल, उलट्या थांबत नसतील, शौच आणि वारा दोन्ही बंद असतील, तर गोल जंतांच्या गुंत्याने आतडं अडलेलं असू शकतं. अशा वेळी घरी जंताचं औषध देऊ नका, तपासणीसाठी आमच्याकडेही थांबू नका. मुलाला तडक रुग्णालयात न्या.